हौदाकडे कुणी बघत नाही

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सकाळी, सुप्रभातची फुलं आणि गुडघेदुखीवरचा काढा यांच्या मधोमध, एक फोटो येऊन पडला. शिसवी रंगाचं स्थिर पाणी, मागे ढगात डोकं घातलेले डोंगर, मध्ये एवढंसं बेट, बेटावर करड्या दगडाचा किल्ला आणि किल्ल्याकडे जाणारा कमानींचा दगडी पूल. खाली ओळ होती : ‘स्कॉटलंडमधला ८०० वर्षांपूर्वीचा किल्ला. बघा कसा जपलाय. नाहीतर आपल्याकडे!’ पाचच मिनिटांत कुणीतरी ओळखलं, अरे, हा तर त्या गाण्यातला! बरोबरच होतं. १९९८ साली ज्या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीताने आख्ख्या पिढीला मैत्री आणि प्रेम यांच्यातला गोंधळ शिकवला, त्या गाण्यात मागे उभा असलेला किल्ला हाच. नायक-नायिका पुढे आणि आठशे वर्षं मागे. ‘नाहीतर आपल्याकडे’ हे वाक्य मराठीत कधीच पूर्ण करावं लागत नाही. ज्याने त्याने पुढचं आपापलं भरून घ्यायचं : तटावर कोरलेली बदाम-बाण आणि नावं, टाक्यातल्या पाण्याच्या बाटल्या, बुरुजातून उगवलेला पिंपळ. मलाही ते भरता आलं असतं. पण अडकलो मी त्या आकड्यात. ८०० खोटं नाही. खरंही नाही.

फोटोत जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं विसाव्या शतकातलं आहे.

किल्ल्याचं नाव आयलन डोनन, म्हणजे डोननचं बेट. डोनन हा सहाव्या-सातव्या शतकातला ख्रिस्ती साधू. ६१७ साली एग नावाच्या बेटावर तो मारला गेला. इथे त्याची मठी होती असं मानतात, पण तिचा दगडसुद्धा उरलेला नाही. उरलं ते नाव. जागा मात्र अशी, की साधूला सुचली नसती तर सरदाराला सुचलीच असती. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र डोंगरांत लांबवर घुसतो, त्या फाट्यांना तिथे लॉख म्हणतात. आपल्या खाड्यांचे हे भाऊबंद, फक्त हिमनदीने खरवडलेले, म्हणून जास्त खोल आणि उभ्या काठांचे. लॉख डूइख, लॉख लाँग आणि लॉख आल्श असे तीन फाटे जिथे एकत्र येतात तिथे, डॉर्नी गावासमोर, हे बेट आहे. या तिन्हींतून कुठलीही होडी नेआण करायची तर ती बेटाच्या नजरेखालून जाणार. उधाणाच्या दिवसांत पाणी चारेक मीटर वर-खाली होतं. पूर्ण ओहोटी असली की शेवाळावरून घसरत-सावरत बेटावर चालत जाता येतं. भरती चढली की पुन्हा सगळीकडून पाणी. पूल बांधला जाईपर्यंत हे घड्याळ समुद्राच्या हातात होतं. हल्ला करणाऱ्याला ओहोटीत येता येतं, पण परतायची वेळही समुद्रच ठरवतो. नुसत्या तटापेक्षा ही गोष्ट किल्लेदाराच्या जास्त उपयोगाची.

दगडी किल्ल्याच्याही आधी इथे काहीतरी होतं. बेटावर काचेसारखे वितळलेले दगडाचे तुकडे सापडले आहेत. स्कॉटलंडमध्ये असे बरेच जुने कोट आहेत, ज्यांच्या दगडी भिंतींत लाकडाची चौकट घातलेली असायची. ते लाकूड प्रचंड उष्णतेने पेटलं की आतला दगड वितळून एकमेकांना चिकटतो. शत्रूने जाळलं, की मालकांनीच मुद्दाम, यावर तिथले पुरातत्त्ववाले अजून भांडतात. मूठभर काच झालेला दगड हातात धरला तर हलका वाटतो, बुडबुड्यांनी भरलेला, लोहाराच्या भट्टीतल्या किटासारखा. किल्ल्यातली सगळ्यांत जुनी वस्तू बहुधा हीच.

दगडी कोट आला तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्कॉटलंडचा राजा दुसरा अलेक्झांडर याच्या काळात. त्यावेळी पश्चिमेकडची बेटं नॉर्वेच्या राजाची होती. ती १२६६च्या तहाने स्कॉटलंडकडे आली. म्हणजे हा सरहद्दीवरचा कोट, आणि शत्रू येणार तो पाण्यावरून. बांधणाऱ्यांनी तेव्हा मोठा घास घेतला : जवळजवळ आख्ख्या बेटाभोवती तट फिरवला, त्याला बुरूज दिले. नंतर, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, किल्ला आकसला. थोडाथोडका नाही, मूळच्या पाचव्या हिश्श्याएवढा झाला. कारण साधं हिशेबाचं असावं. तट नुसता उभा राहून लढत नाही. दर आठ-दहा पावलांवर एक माणूस, त्याला पाळीची बदली, त्या सगळ्यांना धान्य, सरपण, पाणी. सरहद्द सरकली, बेटं आपली झाली, तेव्हा एवढी माणसं बारा महिने पोसायची कशाला? मग लांब तट सोडून दिला आणि उंच भागावरचा बालेकिल्ला तेवढा राखला. सोडून दिलेल्या तटाचा पाया आजही बेटाच्या कडेने, उत्तर टोकाकडे, गवताखाली फुगवट्यासारखा जातो. लोक त्यावर उभे राहून बालेकिल्ल्याचे फोटो काढतात. पायाखालचा दगड तेराव्या शतकातला, समोरचा १९२०च्या दशकातला, आणि कॅमेरा समोर.

किल्ल्याचा तिसरा टप्पा सोळाव्या शतकातला. तोफा आल्या, तेव्हा पूर्वेच्या बाजूला तटाला जोडून पुढे काढलेली एक माची बांधली, तोफांना पाय रोवायला जागा हवी म्हणून. या माचीच्या टोकाशी एक षट्कोनी बांधकाम आहे, वरून उघडं. हा पाण्याचा हौद. माझ्या मते सबंध बेटावर सगळ्यांत समजूतदार बांधकाम हेच. समुद्रातला किल्ला पडतो तो बहुतेकदा तहानेने. सिंधुदुर्गाच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. चहूकडे खारं पाणी असताना गोड पाण्याची जागा हाच किल्ल्याचा खरा बालेकिल्ला. इथे पाऊस मुबलक, बहुतेक महिने आभाळ गळतच असतं, पण वेढा पडला की पाऊस साठवलेला हवा आणि तो हाताशी हवा. म्हणून हौदाला बुरुजाची जाडी दिली, माचीने त्याला तटाशी जोडून घेतलं. फोटोत हा कोपऱ्यात येतो किंवा कापला जातो. त्याला ना टोकदार छप्पर, ना खिडक्या.

मुख्य मनोरा चौकोनी, आत आडव्या मजल्यांचा. तळमजल्यावर लदाव आहे, म्हणजे अर्ध्या पिंपासारखं कमानदार दगडी छत. मध्ययुगात तो करायची रीत आपल्या गवंड्यांना परकी वाटणार नाही. आधी दोन जाड भिंती खांद्यापर्यंत चढवायच्या. मग मधल्या पोकळीत लाकडाचं कालबूत, म्हणजे कमानीचा तात्पुरता साचा, उभं करायचं, त्यावर फळ्या किंवा विणलेल्या काटक्यांचे ताटवे टाकायचे. दोन्ही खांद्यांवरून एकाच वेळी, सारख्या वेगाने चपट्या दगडांच्या रांगा वर चढवायच्या. एका बाजूची घाई झाली की कालबूत कलतं आणि कमान लंगडी होते. माथ्यावर शेवटचे दगड ठोकून बसवायचे, वरून पातळ चुना ओतून फटी भरायच्या आणि मग थांबायचं. चुना हा सिमेंटसारखा आतून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत बाहेरून आत दगड होत जातो, आणि जाड कामात याला आठवडे नाही, महिने, कधी वर्षंही लागतात. तिथल्या हवेत तर आणखी पंचाईत : ओला चुना गोठला की आतलं पाणी फुगून तो भुसभुशीत होतो. म्हणून चुन्याचं काम वसंतापासून फार तर सप्टेंबरपर्यंत. हिवाळ्यात भिंतीचे माथे गवताच्या ढेपांनी झाकून ठेवायचे. या किनाऱ्यावर चुनखडक जिथे मिळत नसे तिथे शिंपल्या भाजून चुना करत. कोकणातली माणसं हे ऐकून मान डोलावतील.

भिंत अखंड दगडाची नसते, हेही फोटोत कळत नाही. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, आणि मध्ये चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भर. इथला दगड नाईस आणि शिस्ट जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, थरात फुटणारा. त्याचा चौकोनी चिरा सहजी निघत नाही. म्हणून मोठे दगड बसतील तसे बसवायचे आणि मधल्या बेढब सांदीत छोट्या चिपा ठोकायच्या. या चिपा म्हणजे शोभा नाही. त्यांच्यामुळे मोठा दगड डुगडुगत नाही आणि चुना कमी लागतो. दाराच्या बाजू, कोपरे, खिडकीच्या चौकटी एवढ्यांनाच काय तो घडीव दगड. या भिंती काही ठिकाणी चौदा फूट जाडीच्या होत्या असं तिथे सांगतात. चौदा फूट म्हणजे दोन उंच माणसं आडवी झोपवून वर हातभर उरेल एवढं.

त्या भिंतींच्या आत काय काय घडलं याच्या गोष्टी खूप आहेत, त्यातल्या दोनच मला खऱ्या अर्थाने त्या बेटाच्या वाटतात. १३३१ साली मरे परगण्याचा अर्ल, म्हणजे उमराव, रँडॉल्फ याने आपण येतोय असा निरोप पुढे पाठवला. स्वागताची तयारी म्हणून त्याच्या अधिकाऱ्याने मुलखातले पन्नास गुन्हेगार पकडून मारले आणि त्यांची मुंडकी तटावर लावली. इतिहास म्हणतो, अर्लसाहेब ते पाहून प्रसन्न झाले. दुसरी गोष्ट १५३९ची. स्लीटचा डोनाल्ड गॉर्म मॅक्डोनाल्ड पन्नास होड्या घेऊन चालून आला. वल्ह्या-शिडाच्या या लांब होड्यांना तिथे बिर्लिन म्हणत. किल्ल्यात शिबंदी म्हणावी तर दोन-तीन माणसं. त्यातला डंकन मॅक्रे नावाचा तरुण, भात्यात शेवटचा बाण उरलेला. तो त्याने सोडला आणि डोनाल्डच्या पायाला लागला. पायाला लागलेल्या बाणाने कोण मरतं? पण बाणाला उलटे काटे होते, डोनाल्ड संतापी होता, त्याने तो हिसकून उपटला आणि धमनी फाटली. जवळच्या खडकावर नेईपर्यंत रक्त थांबलं नाही. वेढा उठला. पन्नास होड्या एका माणसाच्या शीघ्रकोपामुळे परत गेल्या.

मॅक्रे हे नाव इथून पुढे सोडता येत नाही. किल्ला त्यांचा नव्हता. मालक या मुलखातले, म्हणजे किंटेलचे, मॅकेन्झी. मॅक्रे त्यांचे पिढीजात किल्लेदार, शरीररक्षक, खांद्याला खांदा लावणारे. ‘मॅकेन्झींचं चिलखत’ असंच त्यांना म्हणत. आपल्याकडे अशी घराणी गडोगडी होती : गड दुसऱ्याच्या नावावर, रात्रीची गस्त आपल्या नावावर. आणि ज्याची गस्त त्याला गडाबद्दल जे वाटतं ते मालकाला वाटतंच असं नाही. शेवटी किल्ला पुन्हा उभा राहिला तो याच वाटण्यावर.

पण त्याआधी तो पडला, आणि पडला तो दोन दिवसांत.

१७१९च्या वसंतात स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्याचा आणखी एक उठाव झाला, या खेपेला स्पेनच्या मदतीने. तीनेकशे स्पॅनिश शिपाई या लॉखांत उतरले. दारूगोळा आयलन डोननमध्ये ठेवला आणि राखणीला चाळीसेक स्पॅनिश. १० मे रोजी, जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे, इंग्रजांची तीन लढाऊ जहाजं समोर येऊन उभी राहिली : वूस्टर, एंटरप्राइझ आणि फ्लॅम्बरो. पांढरं निशाण लावून एक होडी बोलणीला पाठवली. किल्ल्यातून तिच्यावर गोळ्या आल्या. मग तिन्ही जहाजांनी तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशीही डागल्या. भिंतींना फारसं काही झालं नाही. हे ऐकून अभिमान वाटतो, पण त्यात चमत्कार काही नाही. मधली चुन्याची भर गोळ्याचा धक्का गिळते. बाहेरच्या पदराचे चार दगड निखळतात, आत खड्डा पडतो, पण भेग पलीकडे जात नाही. शिवाय हलत्या जहाजावरून एकाच जागी गोळा पुन्हा पुन्हा बसवणं अवघड. खिंडार पाडायचं तर मारा एकाच रेषेत, खालच्या भागात, आणि जमिनीवर पाय रोवलेल्या तोफांचा हवा. संध्याकाळी भडिमाराच्या आडोशाने होड्यांतून माणसं उतरली आणि फारसा प्रतिकार न होता किल्ला घेतला. वूस्टरच्या रोजनिशीत यादी आहे : ३९ स्पॅनिश शिपाई, वर त्यांचे अधिकारी आणि एक स्कॉटिश बंडखोर, ३४३ पिंपं दारू आणि ५२ पिंपं बंदुकीच्या गोळ्या.

त्या यादीतला एकमेव स्कॉटिश माणूस मला अधूनमधून आठवतो. नाव नाही. आपल्याच मुलखातल्या किल्ल्यात, ज्यांची भाषा येत नाही अशा चाळीस माणसांबरोबर तो अडकला होता.

पुढचे दोन दिवस इंग्रजांनी किल्ला उडवण्यात घालवले, २७ पिंपं दारू वापरून. पिंपात शंभरेक पौंड धरली तर सव्वा टन होते. तोफेने जे जमलं नाही ते याने कसं जमलं, तर दारू बाहेरून न लावता आत लावली म्हणून. बाहेरून येणारा धक्का जाडजूड भिंत पोटात घेते, पण बंद खोलीत दारू पेटली की वायूला जागा हवी असते आणि तो भिंतीला आतून बाहेर ढकलतो. भिंत दाबाला खंबीर असते, ताणाला नाही. चुना खेचणं सोसत नाही. वरच्या लदावाचाही तोटा होतो तो इथेच. जो लदाव आगीपासून आणि वरून पडणाऱ्या ओझ्यापासून वाचवतो तोच स्फोटाला झाकण घालतो. झाकण जितकं घट्ट तितका धमाका जोराचा. लदाव उचलला जातो, मग खाली कोसळतो आणि भिंतींचे खांदे बाहेर फेकतो. किल्ल्याची ताकद त्याच्याच विरुद्ध वापरायची ही रीत. गंमत म्हणजे दारूही किल्ल्यातच सापडलेली. ३४३ पिंपांतून २७ घेतली असतील तर इंग्रजांच्या पदराला खारही लागला नसेल. महिन्याभरात, १० जूनला, ग्लेन शीलच्या लढाईत उठाव संपला. स्पॅनिश तुकडी ज्या उतारावर शेवटपर्यंत लढली त्या शिखराला गेलिक भाषेत अजून स्पॅनिशांचं शिखर म्हणतात. बेटावर दोनशे वर्षं पडके सुळके, गवत आणि मेंढ्या.

या दोनशे वर्षांत मॅक्रे कुठे गेले, याचं उत्तर आपल्या बाजूला येतं. १७७८ साली मॅकेन्झींच्या सरदाराने, सीफोर्थच्या अर्लने, सरकारसाठी पलटण उभी केली. तिच्यात किंटेलच्या मॅक्रेंचा भरणा एवढा, की लोक तिला रानटी मॅक्रेच म्हणत. पगार थकला आणि अफवा उठली, की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय. तेव्हा ही पोरं एडिंबराजवळच्या आर्थर्स सीट टेकडीवर चढून बसली, काही दिवस उतरलीच नाहीत. समजूत काढून खाली आणलं. आणि तीन वर्षांनी खरोखरच हिंदुस्थानला धाडलं. अर्ल वाटेत सेंट हेलेनाजवळ वारला, दोनशेहून जास्त शिपाई स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नावाचून होणाऱ्या रोगाने, समुद्रातच गेले, उरलेले १७८२च्या एप्रिलमध्ये मद्रासला उतरले. याच घराण्याने १७९३ साली उभी केलेली दुसरी पलटण, ७८ वी, २३ सप्टेंबर १८०३ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणावर होती. केळणेच्या काठी शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोरून ती चालत गेली. त्या दिवसाबद्दल पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. टोपीवर हरणाच्या शिंगांचं चिन्ह आणि डोक्यात गेलिक गाणी घेऊन आलेली माणसं, आणि झेंड्यावर असईचा हत्ती. गाण्याच्या चित्रीकरणाला आपले लोक त्या किल्ल्यापुढे गेले त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी त्या खोऱ्यातले लोक आपल्याकडे येऊन गेले होते. मॅकेन्झींनी पुढे कर्जापायी जमिनी विकल्या. बेटावरच्या सुळक्यांना वारस राहिला नाही. होता तो किल्लेदार.

१९११ साली लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे-गिल्स्ट्रॅप या लष्करी माणसाने बेट विकत घेतलं. त्याच्याकडे पैसा होता आणि आडनाव होतं, आणि त्याहून महत्त्वाचा असा फार्कर मॅक्रे नावाचा गवंडी होता. कामाची देखरेख या फार्करकडे. त्याची गोष्ट तिथे सगळे सांगतात : किल्ला पूर्वी कसा होता हे त्याला स्वप्नात दिसलं, बारीकसारीक तपशिलांसकट. नकाशे एडिंबराच्या जॉर्ज मॅकी वॉटसन या वास्तुविशारदाचे. जमिनीतला पाया आणि उभे सुळके समोर होते. वरचं सगळं तर्काने. मध्ये पहिलं महायुद्ध झालं. जुलै १९३२मध्ये काम पूर्ण झालं. खर्च अडीच लाख पौंड झाला म्हणतात. पूल याच कामातला. भाल्यांसारखं खाली येणारं लोखंडी दार याच कामातलं. जेवणघराच्या तुळया कॅनडातल्या मॅक्रेंनी पाठवलेल्या डग्लस फरच्या. स्कॉटलंडच्या मध्ययुगीन दालनाला अमेरिका खंडातलं लाकूड. दारावर गेलिकमध्ये कोरलंय : आत मॅक्रे आहे तोवर फ्रेझर बाहेर राहणार नाही. फ्रेझर या दुसऱ्या घराण्याच्या जुन्या उपकाराची आठवण. महायुद्धात पडलेल्या मॅक्रेंचं स्मारकही तिथेच आहे, भिंतीला लागून.

आणि मग लुई पेटीचं चित्र. पेटी हा सरकारी लष्करी इंजिनियर १७१४ साली, म्हणजे किल्ला उडण्याच्या पाचच वर्षं आधी, इथे येऊन गेला होता. त्याने मोजून नकाशा आणि देखावा काढला. ही कागदपत्रं उजेडात आली तेव्हा बांधकाम जवळजवळ उरकलं होतं. स्वप्न आणि नकाशा पुष्कळ ठिकाणी जुळत नाहीत. आजचा किल्ला जास्त सजलेला, जास्त किल्ल्यासारखा. पेटीच्या चित्रात तो थकलेला आहे, बराचसा बिनछपराचा. म्हणजे जो किल्ला १७१९ला उडवला तो आपल्याला फोटोत दिसतो तसा कधीच नव्हता. एक बारीक गोष्ट तर कुणी विचारतच नाही : मध्ययुगात या मुलखातल्या बऱ्याच भिंतींना चुन्याचा जाड गिलावा असे, पाऊस आत शिरू नये म्हणून वाळू-खडी मिसळून थापटीने भिरकावलेला. उघडा करडा दगड ही नंतरच्या काळाची आवड. आपल्याला जे रांगडं आणि प्राचीन वाटतं ते खरं तर अंगावरचा सदरा काढलेलं बांधकाम आहे.

याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला लॉख मॉइडार्टमध्ये, टिऑरम नावाचा क्लॅनरॅनल्ड घराण्याचा किल्ला आहे. तोही भरतीओहोटीच्या बेटावर, तोही तेराव्या शतकाच्या आसपासचा. १७१५ला लढाईवर निघताना सरदाराने स्वतःच तो जाळायला सांगितला, इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून. १९९०च्या दशकात नव्या मालकाने तो राहण्याजोगा करायचं ठरवलं, योजना केली, पैसे उभे केले आणि सरकारी वारसा खात्याने परवानगी नाकारली. कारण १९६४च्या व्हेनिस सनदेतलं तत्त्व : जिथे अंदाज सुरू होतो तिथे डागडुजी थांबली पाहिजे. तत्त्व मला पटतं. टिऑरमच्या भिंती मात्र तत्त्वासाठी थांबत नाहीत. पडझडीमुळे लोकांना आत जायला बंदी आहे. पाऊस उघड्या माथ्यातून मधल्या भरीत मुरतो, चुना धुऊन खाली नेतो, मग हिवाळ्यात तेच पाणी गोठून पदर बाहेर ढकलतं. पोट फुगलेली भिंत दिसली की समजायचं, आतली भर पोकळ झाली. त्यावर वरून सिमेंटने दगडांमधले सांधे भरले तर आणखी वाईट. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही; ओल आतच कोंडते आणि दगडाचा चेहरा सोलून निघतो. सिमेंट राहतं, दगड जातो. हे तिथेही झालंय आणि आपल्या तटांवरही.

मी कुणाच्या बाजूचा, हे मला अजून ठरवता येत नाही. सनद १९३२ला असती तर आयलन डोनन म्हणजे चार सुळके आणि एक फलक. तिथे येणाऱ्या माणसांच्या रांगा नसत्या, गाणं दुसरीकडे कुठेतरी झालं असतं, आणि खरोखर तेराव्या शतकातला तो गवतातला पाया कुणी राखला असता कोण जाणे. उलट, फार्करचं स्वप्न इतकं छान उभं राहिलंय, की त्याने खऱ्या अवशेषांवरून नजर उचलून घेतली. दोन्ही गोष्टी एकाच बेटावर, शंभर पावलांच्या अंतरात. स्वप्नाबद्दल मला पूर्वी हसू यायचं. मग लक्षात आलं, की पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडांच्या आसपास राहिलेल्या माणसाला, ज्याच्या घरात त्या किल्ल्याच्या गोष्टी रोज निघत असतील, ज्याचा हात त्या दगडाला कुठून फुटतो हे जाणतो, त्याला किल्ला स्वप्नात दिसणार नाही तर काय दिसणार? त्याचं चुकलं ते शिखरांच्या आकारात. चिपा कुठे ठोकायच्या यात नाही.

तर ग्रुपवर मी लिहिलं : ‘सुंदर आहे, पण हे बांधकाम ८०० वर्षांचं नाही. १७१९ला उडवला होता, १९३२ला पुन्हा बांधून पूर्ण झाला.’ थोडा वेळ शांतता. मग ज्यांनी पाठवला होता त्या मामांनी विचारलं : ‘मग जुनं काय आहे त्यात?’

हा प्रश्न मला फार आवडला. मी शोधून त्या षट्कोनी हौदाचा फोटो टाकला. वरून उघडा, कडेला गवत, आत हिरवट पाणी. खाली लिहिलं, ‘हे.’

बराच वेळ दोन निळ्या खुणा तशाच होत्या. मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं, सुप्रभात.